दादाची कमरेत घेतलेली पँट

माझा मोठा भाऊ, दादा, शिंपी होता. हट्टी असा, की देवानेसुद्धा हात टेकावेत. वहिनी गेल्यावर मी त्याच्या दुकानात काजं-बटणं करायला बसले, ती आजतागायत. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. दोन मशीनं, एक आरसा, माप घ्यायला पडद्याआड थोडी जागा. मागच्या खोल्यांत आम्ही राहायचो, दादा, मी आणि त्याची लेक.

पँटच्या आतल्या पायाचं माप घेताना शिंप्याला हात कुठे न्यावा लागतो, ते वेगळं सांगायला नको. दादाची एक रीत होती. टेप लावायचा, तोंड खिडकीकडे वळवायचा आणि गिऱ्हाइकाला भलतंच काहीतरी विचारायचा. “छप्पर गळायचं थांबलं का हो?” छपराची हकिकत संपेपर्यंत माप झालेलं असायचं. त्याच्यापुढे कधी कुणी अवघडलं नाही.

लेक डॉक्टर झाली त्या दिवसापासून त्याने तिला ‘बुटकी’ म्हणणं सोडलं. घरीदारी डॉक्टर. “डॉक्टर, भाजी वाढू का?” पुढे तिने युरॉलॉजी घेतली. म्हणजे मूत्रपिंड, मूत्राशय, पुरुषांचं प्रोस्टेट, सगळा लघवीचा कारभार. तेव्हा आमच्या काकाने नाक मुरडलं. “पोरीच्या जातीला दुसरं काही मिळालं नाही का शिकायला?” दादाने कात्री खाली ठेवली. “काका, ज्याच्यापुढे माणसाची लाज गळून पडते, त्याला डॉक्टर म्हणतात. बाकी नुसत्या दारावरच्या पाट्या.” मी मनात म्हटलं, शाब्बास रे वाघा.

मग मापं देता देता म्हातारे हळूच बोलायला लागले. धार बारीक झालीय, सारखं उठावं लागतं. दादा त्यांना दटावायचा, “आमच्या डॉक्टरकडे जा. दुखणं अंगावर काढू नका.” कितीतरी जणांना त्याने असं पाठवलं. नळी लागलेल्यांना तो पायजमे शिवून द्यायचा, लघवीच्या पिशवीसाठी आतून खिसा आणि बाहेरून कुणाला पत्ता लागू नये असा.

आणि हा स्वतः? कंबर धरली, तर म्हणे मशीनवर वाकून. पाणी कमी केलं, तर म्हणे गिऱ्हाईक सोडून किती वेळा उठायचं. फिक्या पँटी सोडून गडद घालायला लागला. मी चिडवलं, “या वयात रंग सुचतायत का?” नुसता हसला. पण वाळल्यासारखा म्हणून कधी दिसला नाही.

एका दुपारी त्याची लघवी पार अडली. पोट दगडासारखं झालं. शेजाऱ्याच्या गाडीतून लेकीच्याच इस्पितळात नेला. ती धावत आली, तर हा नर्सला म्हणतो, “दुसरे डॉक्टर बोलवा.” लेक पडद्याबाहेर उभी राहिली आणि आतून तिच्या बापाचं कण्हणं ऐकत राहिली.

नर्सने त्याची पँट तिच्या हातात आणून दिली. शिंप्याची पोर ती. सवयीने कमरपट्टी उलटी केली. आत सुईच्या भोकांची एक रेघ, तिच्या आत दुसरी, तिच्याही आत आणखी एक. दादा बारीक होत गेला तशी पँट कमरेत घेत गेला, इतकी बेताची, की शेजारी बसणाऱ्या मलाही कळलं नाही. दुसऱ्या कुणाची पँट लोंबली असती, कुणीतरी विचारलं असतं. या कारागिराने ती सोयच ठेवली नव्हती.

“आत्या, हे कधीपासून?” तिने विचारलं. मी पँट तिच्या हातातून घेतली आणि रेघा मोजायला लागले.

प्रोस्टेटचा कॅन्सर होता, आणि तो हाडांत पोचला होता. ती कंबर मशीनने धरलेली नव्हतीच. खाटेवर पडलेल्या माणसावर मी चिडले. “जगाला सांगत होतास ना, डॉक्टरपुढे कसली लाज?”

तो भिंतीकडे बघत म्हणाला, “जगाची डॉक्टर आहे ती. माझी पोर आहे गं. तिला मी न्हाऊ घातलंय.”



औषधं झाली, इंजेक्शनं झाली, पण आजार फार पुढे गेला होता. घरी आणला. नळीचं बघायला नर्स यायची, आणि लेक तेवढा वेळ दुकानात माझ्याजवळ बसायची. एका सकाळी नळी तुंबली आणि नर्सला यायला उशीर झाला. दादा तळमळत होता. लेक दारात उभी, पण पाऊल आत टाकेना. त्याने तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “या, डॉक्टर.”

तिने हातमोजे चढवले, चादर सारली. या वेळीही तोंड खिडकीकडे दादानेच वळवलं. तिची नजर कामावर होती. “बाबा, तुम्ही शिवायला घेतलेला मास्तरांचा कोट झाला का?”

“अस्तर राहिलंय.”

“कुठल्या रंगाचं लावताय?”

तो सांगत होता तोवर नळी बदलून झाली. चादर नीट ओढून ती मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून रडली. मला ऐकू येत होतं, त्यालाही येत असणार.

त्यानंतर दादा फार दिवस राहिला नाही. मास्तरांच्या कोटाला अस्तर मी लावलं. शेवटचे कपडे घालायची वेळ आली तेव्हा त्याची तीच पँट काढली, तर तीही सैल. ती मी कमरेत घेतली. लेक शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती.

दादा, ‘या, डॉक्टर’ हे दोन शब्द वर्षभर आधी म्हणाला असतास रे.