म्या बंद करायला लावलेली तक्रार

भोंगवलीच्या त्या सुनेचं नाव लेकीनं यादीतनं काढलं, ते माझ्यामुळं. तीन आठवडे म्या हे कुणाला सांगितलं न्हाई.

माझी शाळा चौथीपतूर. शिवऱ्याला हायवेवर जन्मभर ट्रक दुरुस्त केले. आवाजावरनं रोग सांगायचो आणि म्या सांगितलं ते सगळ्यांनी मानायचं. लेक कॉम्प्युटरचं शिकली. कॉम्प्युटरमधले सगळे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात त्या आतल्या इंजिनाला ती कर्नेल म्हणती. त्याचे भाग असतात, डिस्कचा वेगळा, आवाजाचा वेगळा. जगभरातनं लोक त्याच्या तक्रारी लिहितात. कुठली खरी, कुठली खोटी म्हणून बंद करायची, कुठली जुनीच परत आली, कुठली कुणाकडं धाडायची, ही निवडानिवड हौशी लोक फुकट करतात. तसे लोक तयार करायला लेक दर रविवारी गॅरेजवरच्या खोलीत शिकवायची. सहा जण यायचे.

त्यातली एक ही जवळच्या भोंगवली गावातली सून. कॉम्प्युटरची पदवी घेऊन लग्नानंतर घरात बसलेली. लेकरू सासूकडं ठेवून यायची. लेक म्हणायची, "हिच्याकडं डिस्कचा भाग सोपवणार मी." तेवढं ऐकलं की तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

एका रविवारी लेकीला पुण्याला जावं लागलं. "आबा, तुमी नुसतं बसा. चहाचं बघा," म्हणाली. म्या तिच्याच खुर्चीत बसलो.

दुपारी ती सून माझ्याकडं आली. "आबा, एक जण लिहितो, डिस्क भरत आली की फायली जातात. लिहिणं धड न्हाई त्याचं. माझ्या कॉम्प्युटरवर तर तसं काहीच होईना."

"किती डाव बघितलं?"

"तीनदा. पण माझी डिस्क रिकामी हाय. भरून बघू का? लई वेळ लागंल."

"तीनदा नीट चालली म्हंजे गाडी बरी. ड्रायव्हर लोकांना कुरकुरायची सवयच असती. कर बंद."

"ताईंना फोन करून विचारू?"

"मग म्या हितं काय शोभेला बसलोय?"

बाकीचे हसले. तिनं तक्रार बंद केली.

खरं सांगतो, मला ठाऊक होतं. रिकामा ट्रक अंगणात फिरवून काय कळतंय? माल भरून खंबाटकीचा घाट चढायला लागला की मग तो कण्हतो. रिकाम्या गाडीवरनं म्या कधी कुठल्या ड्रायव्हरला खोटं पाडलं न्हाई. पण ती फोन करू का म्हणाली आणि माझं डोकं फिरलं.

पुढं आणखी लोकांच्या फायली गेल्या. एका बाईनं लिहिलं, वारलेल्या आईचे फोटो होते त्यात. पहिली तक्रार बंद कुणी केली, अशी विचारणा कर्नेलच्या वरच्या लोकांकडनं आली. लेकीनं सगळ्यांदेखत तिला विचारलं, "डिस्क भरून का न्हाई बघितलीस? पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना?"

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. म्या कपबशा गोळा करत होतो.

"चुकलं, ताई," म्हणाली.

लेकीनं तक्रारी निवडणाऱ्यांच्या यादीतनं तिचं नाव काढलं. ती यायची बंद झाली.

शेवटी म्या भोंगवलीला गेलो. ती ओसरीवर शेंगा फोडत होती. म्हणालो, "पोरी, चूक माझी होती."

"मला म्हाईत हाय की. ताईंना सांगितलं?"

"न्हाई अजून."

"मग हितं सांगून काय उपयोग, आबा? माझ्यापुढं चूक तुमचीच हाय. त्यांच्यापुढं माझी हाय."

पुढच्या रविवारी पाच जणांदेखत सांगितलं. लेक एवढंच म्हणाली, "तीन आठवडे, आबा?"

तिनं त्याच दिवशी नाव परत घातलं, डिस्कचा भागही दिला. सून आता घरनंच काम करती, चोख करती म्हणे. शिवऱ्याला येत न्हाई. परवा लेक फोनवर म्हणत होती, "अगं, ये की एखाद्या रविवारी." तिनं लेकराचं कारण सांगितलं. म्या शेजारीच बसलो होतो. फोन मागून घ्यावा असं वाटलं. मागितला न्हाई.