बांगडी वाढवली

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर मी "शेजारणीनं बांगड्या वाढवल्या" म्हणाले आणि तुम्ही हसलात, "आजी, बांगडी कशी वाढते?" म्हणून हे लिहिते आहे. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणणं अशुभ, म्हणून वाढवली म्हणायचं.

राजारामपुरीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ही शेजारीण सासू-नवऱ्याबरोबर राहते. नवरा शिरोलीला फाउंड्रीत आहे. एका सकाळी ती विरजण मागायला आली, तेव्हा मनगटावर ओरखडे होते आणि हातात एकही बांगडी नव्हती.

"काय झालं गं?"

"वाढवल्या, काकू."

"त्यानं मारलं ना? चल, पोलिसांत जाऊ. मी येते."

"मारतोय व्हय. पण टाकलं तर न्हाय की! म्हायेरात भावजय ठिवून घेणार हाय का मला?" मग हसून म्हणाली, "तुमी इंग्रजी शिकलायसा, तुमचं येगळं हाय. विरजण द्या, दूध निवायलंय."

मी विरजण दिलं. संध्याकाळी सासूनंच तिला कासाराकडे नेऊन हिरव्या बांगड्या भरवल्या.

भिंतीपलीकडून आवाज अजून येतात. "वाढवली" हा शब्दही अजून आम्हा सगळ्यांच्या तोंडी आहे, माझ्यासुद्धा.