चिनी सरदाराचे आठ पहारेकरी

दरसाल धानाची मळणी आटोपली की सौंदडच्या स्टेशनावर एक चिनी फेरीवाला उतरायचा. पाठीवर रेशमाचं गाठोडं, तोंडात मोडकीतोडकी हिंदी. आमच्या ओसरीवर तो कापड उलगडी आणि सोबत आपल्या मुलखातल्या एका सरदाराची गोष्ट. मला हिंदी बरी येई, म्हणून बायांना ती आपल्या बोलीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. काम कसलं, चैनच!

तो म्हणे, "पहले घोडा चुराता था." मी चाळीस घोडे करी. तो म्हणे, "फिर फौज बनाया, पूरा सूबा ले लिया." मी सरदाराला आगगाडीचा सोनेरी डबा देई आणि त्यात अकरा बायका बसवी. बाया तोंडाला पदर लावत, कापड खपे. फेरीवाल्याचा धाकटा भाऊ त्याच सरदाराच्या आठ पहारेकऱ्यांपैकी एक होता. तेवढं मात्र मी कधी रंगवलं नाही. भावाचा विषय निघाला की फेरीवाला घडी घातलेलं कापड उगाच पुन्हा घडी करी.

पुढे सरदाराचं नशीब फिरलं. सोबती फितूर झाले, सुभा गेला, भावाची पत्रं थांबली. मग एका साली फेरीवाला ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "सरदार मर गया. कोई बोलता जहर, कोई बोलता गोली. मालूम नहीं."

मालूम नहीं! इतकी वर्षं चढवत आणलेल्या गोष्टीचा हा शेवट? मी उभाच राहिलो. चहात विष कालवलं, आधी चहा चाखणारे आठही पहारेकरी एकामागून एक आडवे केले आणि शेवटी सरदार होऊन स्वतः खाटेवर कोसळलो.

कोणी हसलं नाही.

"मंग ह्याचा भाऊ?" माझी थोरली काकू, आमची मोठीमाय, म्हणाली.

मी खाटेवरून उठेपर्यंत तिनं सुनेला पळसाची पानं तोडायला धाडलंही होतं. ज्याचं प्रेत हाती लागत नाही, त्याचा पळसपानांचा पुतळा करून जाळतात. "परमुलखात पडला बिचारा," ती म्हणाली, "त्याले आग तं भेटली पायजे."

फेरीवाला माझ्याकडेच पाहत होता. त्याला आमची बोली कळते, हे मला तेव्हा उमगलं. चाळीस घोडे, अकरा बायका, सगळं त्यानं मुकाट ऐकून घेतलं होतं.

"अखबार में पढ़ा?" त्यानं विचारलं. "आठों?"

स्टेशनावर येणारं वर्तमानपत्र मी वाचतो, हे त्याला ठाऊक होतं. हातातलं घडी घातलेलं रेशीम तो पुन्हा घडी करत होता.

"नहीं," मी म्हणालो. "मैंने जोड़ा. झूठ."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, आता मारतो. पण मोठीमायच कडाडली, "काऊन रे मुडद्या, जित्या माणसाले जिभेनं मारून राहिला का?"

तेवढ्यात पानं आली. ओली, ताजी, ओंजळभर. ती घेऊन सून दारात तशीच उभी. मोठीमायनं काड्या मागवल्या, त्या पानांची पत्रावळ टाचली आणि फेरीवाल्यापुढे भात वाढला. "खा जी. जिता असन तो." तो सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवला.

त्यानंतरही तो काही वर्षं आला. भावाचं पत्र आलं नव्हतं. मग एका साली तोही आला नाही.

आजही कोणी विचारलं तर तो सरदार मी तीन तऱ्हांनी मारून दाखवतो, खाटेवर कोसळण्यासकट. मग कोणीतरी पहारेकऱ्यांचं विचारतं. मी खाटेवरून उठतो, धोतर झटकतो आणि सांगतो, मालूम नहीं.