बायनाबाईच्या मेंढ्यांची ऊब

आमच्या घरात माझ्या जन्माची गोष्ट निघाली की आधी बायनाबाईचं नाव येतं, मग तिच्या तीन मेंढ्यांचं, आणि उरलंसुरलं माझ्या वाट्याला. लहानपणी याचा मला राग यायचा. जन्मलो मी, आणि कौतुक मेंढ्यांचं. आता वाटतं, क्रम बरोबर होता.

बायनाबाई ही मेंढपाळ म्हाळूची बायको. दिवाळी झाली की दोघं कळप घेऊन आमच्या पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यात यायची आणि पौषात आमच्या रानात मेंढरं बसवायची. बाजरी निघालेल्या मोकळ्या रानात मेंढरं मुक्कामाला बसली की लेंड्यांचं चांगलं खत पडतं. त्या बदल्यात शेतकरी जोंधळे देतो. बाई उंच, हाडापेराची, बोलायला कंजूष. मेंढीशी दहा शब्द बोलेल तेव्हा माणसाशी एक. आमचे आजोबा अर्जुनराव याच्या बरोबर उलट. घराण्यावर ते दिवसभर बोलू शकायचे, आणि बोलायचेही.

मी जन्मलो ते फसली सन तेराशे अडतीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणतीस. त्या वर्षाच्या थंडीबद्दल पुढे कितीतरी वर्षं लोक बोलत. पौष सरताना आधी तीन दिवस पावसाची झड लागली, एकदा गाराही पडल्या, आणि आभाळ उघडलं तशी अशी थंडी पडली की रांजणातल्या पाण्यावर सकाळी साय धरल्यासारखं बर्फ दिसलं. हरभरा काळा पडला. म्हातारी माणसं भिंतीला पाठ लावून उन्हात बसत, आणि ऊन असून नसल्यासारखंच असे. त्याच झडीत माझी आई, मुक्ताबाई, दोन महिने आधी बाळंत झाली. वडील कोर्टाच्या पेशीसाठी बीडला गेले होते आणि पुरामुळे तिकडंच अडकले होते. माझ्या आधी आईची दोन मुलं पाचवीसुद्धा न बघता गेली होती. त्यामुळे मला बघायला आलेल्या बायका माझ्याकडं कमी आणि आईच्या तोंडाकडं जास्त बघत होत्या.

बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव दहा दिवस विझू द्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. बाजेखाली शेगडी असते, तिच्यावर ओवा टाकतात, आई आणि मूल शेकून निघतात. पण त्या वर्षी जाळायला कोरडं काही उरलंच नव्हतं. गोवऱ्यांची रास भिजून तिचं पुन्हा शेण झालं होतं. तुराट्या ओल्या, पऱ्हाट्या ओल्या. शेगडीत जाळ कमी आणि धूर जास्त. तो धूर बाहेर जावा म्हणून मातीच्या माळवदाला जे भोक असतं ते, म्हणजे सवणं, सताड उघडं ठेवावं लागे. त्यातून धूर जायचा थोडा आणि थंडी यायची भरपूर. आई सांगायची, खोलीत डोळे चुरचुरत आणि पाय गारठलेले असत.

आजोबांनी काही कसर ठेवली नाही, हे मला मान्य केलं पाहिजे. सख्ख्या भावाला एका दिवसासाठी कधी न दिलेली आपली पेरणीची तिफण त्यांनी कुऱ्हाडीनं फोडून घेतली. तिची दांडी, फण, सगळं शेगडीत गेलं. कोरडं लाकूड ते, छान जळलं, पण दुपारपर्यंतच. मग जुनं जू फोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबा घरात फोडण्यासारखं आणखी काय आहे ते शोधत फिरत होते आणि आजी, सावित्रीबाई, देवघराच्या चौरंगावर हात ठेवून उभी होती. मी तोवर रडायचंही सोडून दिलं होतं. दूध ओढत नव्हतो. आई मला हलवून बघायची आणि आणखी घट्ट धरायची.

त्या सकाळी बायनाबाई मेंढीचं दूध घेऊन आली, आणि आजीचं तोंड बघून तिनं काही विचारलंही नाही. सरळ आत गेली. आईजवळ बसली, बोट धुतलं, पुसलं आणि माझ्या तोंडात घातलं. गारठलेलं कोकरू जगणार की नाही, हे मेंढपाळ असं बघतात. तोंड आतून ऊन लागलं तर आशा आहे. आतून गार लागलं तर फार वेळ नाही.

"आतूनबी गार पडायला लागलाय," ती म्हणाली. मग खोलीभर बघून तिनं वर सवण्याकडं बघितलं. "ह्यो विस्तव बाहेर काढा."

आजोबा उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणलीस?"

"विस्तव काढा म्हणते, पाटील. ऊब देतो का त्यो? निस्ता धूर देतोय. त्या धुरापायी तुमी वरचं उघडं ठिवलंय. विस्तव न्हाई तर धूर न्हाई, आन् धूर न्हाई तर सवणं उघडं कावून ठिवायचं? लावा वर खापर. मी माजी मेंढरं आणते."

"बाळंतिणीच्या खोलीत मेंढरं?" आजी म्हणाली. "बायने, डोकं ठिकाणावर हाय का तुजं? आन् इस्तू इझवायचा? रीत हाय की न्हाई काई?"

आजोबांनी घराण्याचं नाव घ्यायला सुरुवात केली. आत्तापर्यंत या घरात असं झालेलं नाही, आणि गावात काय तोंड दाखवायचं, वगैरे. तेवढ्यात आतून आई बोलली. लग्न झाल्यापासून नऊ वर्षांत ती सासऱ्यांसमोर एक शब्द बोलली नव्हती.

"रीतीनं दोन गेली, मामंजी. येऊ द्या तिला."

एवढंच. आजोबा गप्प झाले. अर्जुनराव पाटील बोलता बोलता गप्प झाल्याचं गावाला तेवढं एकदाच ठाऊक आहे. ते स्वतः शिडी लावून माळवदावर चढले आणि सवण्यावर खापर ठेवून त्याच्या कडा मातीनं लिंपून आले. शेगडी अंगणात गेली.

बायनाबाईनं तीन मेंढ्या आणल्या. कातरणी न झालेल्या, अंगावर बोटभर लोकर असलेल्या, स्वभावानं गरीब. जमिनीवर कडबा पसरून त्यावर घोंगडी टाकली. आईला खाली निजवलं, मला उघडं करून तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून दुसरी घोंगडी. एक मेंढी आईच्या पाठीशी बसवली, एक पोटाशी, एक पायाशी. दार लावलं. मेंढ्या रवंथ करू लागल्या. आई म्हणायची, घटकाभरात खोली गोठ्यासारखी ऊबदार झाली. वास काय विचारू नका, पण पोटरीला त्या लोकरीची ऊब लागली आणि आईला तीन दिवसांत पहिल्यांदा रडू आलं.

दूध मी ओढेना, तेव्हा बायनाबाईनं आईचं दूध वाटीत काढून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब माझ्या तोंडात सोडलं. त्यामुळे मला कोणी बोळ्यानं दूध पिणारा म्हटलं तर मी वाद घालत नाही. दिवस मावळायच्या आधी तिनं पुन्हा बोट घालून बघितलं आणि आईला म्हणाली, "तूच बघ आता." आईनं बोट घातलं. मी ते धरलं आणि चोखलं.

बायनाबाई आठ दिवस आमच्या घरी राहिली. तिकडं रानात म्हाळू एकटा कळप सांभाळत होता. मेंढ्या आलटून पालटून बदलायची, खालचा कडबा काढायची, माझ्या तोंडात बोट घालायची. पाचवीला आजीनं सटवाईची पूजा मांडली. बाळाचं नशीब लिहायला सटवाई येते म्हणून कोरा कागद आणि बोरू ठेवतात, तेही ठेवलं. सकाळी बघतात तर कागद नाही. एका मेंढीनं तो खाऊन टाकलेला. आजीनं कपाळाला हात लावला. लेकराचं नशीब मेंढीच्या पोटात गेलं म्हणून ती दिवसभर जेवली नाही. बायनाबाई म्हणाली, "बरं झालं की आक्का. आता त्येचं त्योच लिहील."

पुढे थंडी ओसरली, वडील आले, माझं बारसं झालं, बद्रीनाथ नाव ठेवलं. दरवर्षी पौषात बायनाबाई आली की आई तिला लुगडं नेसवायची, शेजारी बसवून जेवू घालायची. आणि ती माझ्या गालाला हात लावून ऊन आहे का बघायची. पोरं हसायची. मी मान वळवून पळायचो. तिला मेंढरांचं ज्ञान आहे, त्या ज्ञानानं मी वाचलो, असं आम्ही सगळेच समजून होतो.

मी पंधरा वर्षांचा असताना, पाटोद्याच्या शाळेतून सुट्टीवर आलो होतो, तेव्हा दुपारी तिच्या पालाशी जाऊन बसलो. ती लोकर पिंजत होती. मी सहज विचारलं, "मावशी, आमच्या घरात एवढी माणसं, सुईण होती, आज्जी होती. तुलाच कसं सुचलं?"

तिनं लोकर बाजूला ठेवली नाही. पिंजता पिंजताच सांगितलं.

"माजा पयला पोरगा व्हता. तुज्यावानीच, अपुरा. आमी गोदाकाठाला व्हतो, आन् आसाच पाऊस. म्हाळू बाजाराला गेलता. माजी चूल भिजली. मी लेकरू पालात निजवलं आन् विस्तव मागाया गावात गेले. दिवं लागलं व्हतं. दिवं लागल्यावर कुणी विस्तव देत न्हाई, घरची लक्ष्मी जाती म्हंत्यात. लई घरं फिरले. एका म्हातारीनं दिला खापरात. पदराखाली झाकून पळत आले. लेकराच्या तोंडात बोट घातलं, आतूनबी गार." तिनं लोकरीत अडकलेला काटा काढून टाकला. "पालाभवती चाळीस मेंढरं बसली व्हती, लेकरा. हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ. मला दिसली न्हाईत. मान्साच्या लेकराला विस्तवच लागतो, आसं डोक्यात बसलं व्हतं."

मी घरी आलो आणि आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती; तवा उतरवून ठेवला, हात धुतले आणि पायात वहाणही न घालता रानाकडं निघाली. मी मागे. पाटलाच्या घरची सून भर दुपारी मेंढरांच्या वाड्यात जाऊन मातीत बसली, आणि तिनं बायनाबाईचा हात हातात घेतला. आम्ही तिला लुगडी नेसवत होतो, आणि तिनं आम्हाला काय दिलं होतं ते आम्हाला पंधरा वर्षं माहीत नव्हतं.

मग आईनं विचारलं, "नाव काय व्हतं त्येचं?"

"बारसं कुठं झालं, पाटलीनबाई. बाराव्याला दोन दिस कमी पडलं."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मग बद्रीनाथ हे त्येचंबी नाव. दोघांचं."

बायनाबाईनं ते नाव हळूच एकदा घेऊन बघितलं. माझ्याकडं बघून नाही, पालाकडं बघून. तोवर ती मला लेकरा म्हणायची, बाळा म्हणायची. त्या दिवसापासून बद्रीनाथ म्हणू लागली. पुढे ती होती तोवर, तिनं बद्रीनाथ अशी हाक मारली की मी ओ द्यायचो, पण लगेच देत नसे. मधला तेवढा वेळ त्याचा.