अण्णांचं वय दोन वर्षांनी कमी करायचा अर्ज

भाच्याने परवा फॅमिली ग्रुपवर लिहिलं, की हसनकाकांनी आमच्या वडिलांची जागा खाल्ली. खाली अकरा जणांनी अंगठे दिले. म्हणून लिहिते आहे... नाहीतर या वयात मोबाईलवर इतकं टाइप करायची मला हौस नाही.

आमचे वडील, अण्णा, मिरजेजवळच्या एका लहान स्टेशनवर सांधेवाल्यांचे जमादार होते. गाडी ज्या रुळावर घ्यायची तिकडे सांधा फिरवणारी चार माणसं त्यांच्या हाताखाली. हसनकाका त्यातले सगळ्यात जुने, अण्णांनंतर बरोबर एका वर्षाने लागलेले. दोघेही साताऱ्याकडच्या एकाच गावचे.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, संस्थानं विलीन होत होती. त्याबरोबर बातमी उठली की आमची रेल्वेसुद्धा मोठ्या रेल्वेत विलीन होणार. कुठून उठली कोण जाणे... प्रत्येक गाडीबरोबर नवी यायची. सकाळच्या गाडीने कळायचं की पन्नाशीवरच्या सगळ्यांना घरी पाठवणार. दुपारच्या गाडीने कळायचं की उलट, वयाने मोठा तो सीनियर, त्याचाच पगार वाढणार.

त्यामुळे अर्ध्या स्टेशनला तरुण व्हायचं होतं आणि अर्ध्याला म्हातारं. मी इंग्रजी पहिलीत, म्हणजे आताच्या पाचवीत, अक्षर चांगलं, म्हणून अर्ज सगळे माझ्याकडे. एका काकांनी दोन लिहून घेतले, एक वय वाढवणारा आणि एक कमी करणारा. तपासणीला येणाऱ्या साहेबाचा चेहरा बघून कुठल्या खिशातला काढायचा ते ठरवणार होते.

अण्णांचा प्रश्न खरा होता. नोकरीला लागताना अठरा पूर्ण लागत, ते होते सोळाचे. अठरा सांगून चिकटले. कागदावर आता पंचावन्न वर्षं भरत आली होती, म्हणजे महिनाअखेर निवृत्ती. क्वार्टर सोडायचं, आणि माझी शाळाही बहुतेक सुटायची.

खरं वय सांगितलं तर दोन वर्षं मिळत होती. पण मग सोळाव्या वर्षी लागल्याचं उघड होणार. ती पहिली दोन वर्षं नोकरीत धरली नाहीत तर सीनियॉरिटी हसनकाकांच्याही खाली. धरतील की नाही, कुणालाच माहीत नव्हतं...

"प्लेगच्या साली आय मला घिऊन माळावर ऱ्हायली हुती. तवा मी नुकता चालाय लागलो हुतो, आसं घाल," अण्णा म्हणाले. मी विचारलं, नोकरीला लागलात तेव्हाचं वय लिहू का?

"खरं लिव... पर लय खरं नगं."

हसनकाका उंबऱ्यावर चहा पीत बसले होते. "गड्या, तुजी पोर समद्यांची वयं ठरवाय लागली," ते हसले. "आता मला पाळण्यात घालंल बघ." मग उठले आणि गेले. कपात अर्धा चहा तसाच होता. त्यांनी चहा टाकलेला मी त्या एकाच दिवशी पाहिला.

का टाकला, ते त्या वयात समजलं नाही. त्यांची निवृत्ती वर्षावर आली होती. अण्णा महिनाअखेर गेले तर काकांना एक वर्ष जमादारी आणि शेवटच्या वाढीव पगारावर ग्रॅच्युइटी. अण्णा दोन वर्षं थांबले, तर काका सांधेवाले म्हणूनच घरी.

साहेब आले, अण्णा अर्ज खिशात घालून आत गेले, बाहेर आले. "झालं," एवढंच म्हणाले. उत्तराची आम्ही महिनाभर वाट पाहिली. ते आलं नाही.

आईने ठरवून टाकलं की हसननेच साहेबाला काहीतरी सांगितलं. आम्ही गावी गेलो, मला सांगलीत मावशीकडे ठेवलं म्हणून शिकले. आई पुढे काकांच्या घरच्यांशी आयुष्यभर बोलली नाही. विलीनीकरण झालं ते काकाही घरी बसल्यावर. पाट्या बदलल्या... कुणाचा काय फायदा झाला, मला आजतागायत उमगलेलं नाही.

काल काकांची नात सांगलीला, विश्रामबागेतल्या माझ्या घरी आली. तिने ग्रुपवरचं कुणाकडून तरी वाचलं होतं. पत्र्याचा एक डबा तिने टेबलावर ठेवला. आत दोन कागद, दोन्ही माझ्या अक्षरात. एक अण्णांचा अर्ज... साहेबाला न दिलेला. दुसरी, अण्णांनी निवृत्त होताना काकांना जमादारीचा चार्ज दिला तेव्हाची सामानाची यादी.

यादी मी लिहिली तो दिवस आठवतो. शेवटची ओळ अण्णांनी सांगितली तेव्हा मी विचारलं होतं, कसला कागद? "कागुद म्हंजी कागुद. तू लिव."

अण्णांनी तो अर्ज भीतीने मागे ठेवला की मैत्रीने, मी सांगू शकत नाही. आईला एका शब्दाने का सांगितलं नाही, तेही नाही. काकांनी तो जपून का ठेवला, आणि इतकं ऐकून घेऊनही कुणाला का दाखवला नाही... पण जागा कुणी खाल्ली नव्हती. भाच्याने ती ओळ आजच्या आज काढावी.

यादी जशीच्या तशी देते.

हातबत्ती, एक.
झेंडे, लाल एक, हिरवा एक.
सांध्याच्या कुलपांच्या किल्ल्या, तीन.
शिट्टी, दोरीसकट, एक.
कोट, एक. पितळी बटण एक कमी.
घडी घातलेला कागद, एक.
वरील सर्व मिळाले. हसन, डाव्या हाताचा अंगठा.