बराखीतलं ग्राफिक्स कार्ड
परवा आईनं माझ्या फ्लॅटवर वाटणासाठी गॅसवर कांदा भाजायला ठेवला आणि त्या वासानं मला गावाकडचा तो प्रसंग आठवला. कॉलेजच्या सुट्टीत मामेभाऊ पुण्याहून कळंबला आमच्याकडे आला होता, सोबत कंपनीच्या मूळ डिझाइनचं महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन. माझं स्वस्तातलं, उघड्या पंख्याचं. क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, वाढवून मी त्याला गाठणार, अशी पैज लागली. घरात पत्र्याखाली लई उकाडा, म्हणून कॉम्प्युटर कांदा साठवायच्या बराखीत नेला. तिथं बांबूच्या फटींतून वारा खेळायचा आणि वर उसाच्या पाचटाचं छप्पर होतं. त्याच्या कार्डावर गेम सुरळीत चालला. मग माझं लावलं, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढूनच ठेवलं आणि क्लॉक चढवत गेलो. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढायला लागल्या. तेवढ्यात बाहेर कांदा निवडत बसलेली आई म्हणाली, "आत कोन कांदा भाजतंय रं?" आम्ही हसलो आणि मग खाली पाहिलं. वाऱ्यानं उडालेली कांद्याची सालं अडकून कार्डाचा पंखा बंद पडला होता, सालं काळी पडत होती. ठिणगी उडाली आणि एक पेटलेलं साल वाऱ्यावर वर निघालं, पाचटाकडे. चहूबाजूंनी वर्षाचा कांदा, आणि मी नुसता त्या सालाकडे बघत बसलो. आई धावत आत आली, ते साल तिनं हवेतच मुठीत दाबलं आणि दुसऱ्या हातानं वायर उपटली. मग छपराकडे बघत उभी राहिली. फ्लॅटला स्लॅब आहे, तरी परवा मी आधी वर पाहिलं. आईही वरच बघत होती.