दामूसाठी न दिलेली साक्ष

दामू गेल्याचा निरोप कामणहून आलेल्या गाडीवानाने दिला, तेव्हा वसईतल्या माझ्या कारखान्यात मी एका कपाटाला पॉलिश करत होतो. ऐकूनही हात थांबला नाही... याची लाज महिना उलटला तरी जात नाही.

आम्ही शाळेपासूनचे सोबती. तो जंगलखात्यात रखवालदार झाला, मी सुतार. महायुद्ध संपलं आणि मुंबईच्या दुकानदारांना सागाची कपाटं, पलंग किती दिले तरी कमी पडू लागले. परवान्याचं लाकूड पुरेना. मग कामणच्या डोंगरातले ओंडके बैलगाडीत पेंढ्याखाली दडून माझ्याकडे येऊ लागले. त्यांवर खात्याचा शिक्का नसे. ती झाडं दामूच्याच हद्दीतली, हे मला ठाऊक होतं.

एका दुपारी तो तपासणीला आला. फळ्यांवरून हात फिरवत त्याने लाकूड कुठलं म्हणून विचारलं. पाडलेल्या घराच्या तुळया आहेत, असं मी सांगितलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तसंच लिहून दिलं.

पुढे जंगलखात्याचे साहेब स्वतः डोंगरावर गेले, तर जागोजागी ताजे खुंट. दामूचा तो कागदच त्याच्यावर उलटला. चोरांना सामील ठरवून त्याला काढून टाकलं. चौकशीत त्याने माझं नाव घेतलं नाही. कचेरी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती... मी गेलो नाही. नंतर तो मिठागरावर मजुरीला लागला. पायांना जखमा झाल्या, त्या मिठामुळे कधी भरल्याच नाहीत.

अखेरच्या भेटीत मी सगळं कबूल केलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"तवाच समजलं होतं, पास्कू. ओलं लाकूड मला कलत नाय का? तुजी पोरं ल्हान होती."

मी माफी मागितली. त्याने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. येताना डोंगराकडे वळलो. खुंटांना फुटलेली पालवीसुद्धा वणव्यात जळून गेली होती.

तेराव्यानंतरच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. काही करून देऊ का, असं वहिनीला विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. खोलीत दोरीवर त्याचा खाकी सदरा वाळत होता. पट्टा, बिल्ला खात्याने काढून घेतले, सदरा तेवढा राहिला. कधी परत बोलावलं तर तयार असावा म्हणून दामू तो दर रविवारी धूत असे, असं ती म्हणाली.

त्या रविवारी तो तिने धुतला होता.